माहेर त्या थडीला

माझं माहेर चांदोरी, सासर सायखेडा. मधे गोदावरी. नाशिकहून संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग चांदोरीवरून जातो. तिथून आत वळून पूल ओलांडला की सायखेडा. १९८१ च्या उन्हाळ्यात माझी वरात याच पुलावरून आली. तेव्हापासून या पुलावरून किती वेळा आले-गेले त्याची गणती नाही. आमच्याकडे नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगा म्हणतात. गंगेला पाणी आलं, गंगेवर धुणं नेलं, गंगेची ओटी भरली. काठाच्या मुलखाला जुनी माणसं गंगथडी म्हणायची, आता पेपरवाले गोदाकाठ म्हणतात. या गंगेच्या दोन्ही थडींवर राहून जे शिकले, ते नातवंडांसाठी लिहून ठेवते आहे. ती आता पुण्यात असतात, आणि पुराच्या बातम्या मोबाइलवर बघून मला फोन करतात.

१. नदी आपली म्हणायची, तर तिचं गणगोतही ठाऊक पाहिजे

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, गंगा मला माहीत आहे. नऊ वर्षांची असताना १९६९ चा पूर मी चांदोरीत पाहिला होता. आईनं पाठुंगळी घेऊन मला गावाबाहेर उंचावर नेलं होतं, तिच्या लुगड्याचा ओला वास अजून आठवतो. पण सासरी पहिल्याच पावसाळ्यात मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओट्यावर बसून विचारलं, "इगतपुरीला पाऊस किती आहे गं, रेडिओवर काही सांगितलं?" मला प्रश्नच कळला नाही. आमच्या अंगणात चक्क ऊन होतं. इगतपुरीच्या पावसाशी आपला काय संबंध?

मामांनी हात पुढे केला. "हे मधलं बोट म्हणजे गंगा, त्र्यंबकहून आली, नाशिक करून. हा अंगठा म्हणजे दारणा, इगतपुरीकडून आली, दारणासांगवीला गंगेत मिळाली. ही करंगळी कादवा, दिंडोरीकडून येते. आणि या मनगटावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. आपलं गाव इथं, तळहातावर." मग त्यांनी मूठ हळूहळू मिटली.

तो हात मी आयुष्यभर वापरला. आमच्या तालुक्यात एरवी पाऊस बेताचाच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळतो तो. आमच्या डोक्यावर निरभ्र आभाळ आणि दारात पाणी, हे आम्ही अनेकदा अनुभवलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ते पटत नाही. नवीन भाडेकरू आभाळाकडे बघून निर्धास्त झोपतात. जुनी बाई मात्र त्र्यंबकला आणि इगतपुरीला काय चाललंय ते विचारते.

२. पूर वरून येतो तसा खालूनही चढतो

हे समजायला मला दहा-बारा वर्षं लागली. पूर म्हणजे वरून वाहत आलेलं पाणी, असंच कुणालाही वाटेल. पण आमच्याकडचा पूर पुष्कळदा थांबलेल्या पाण्याचा असतो.

खाली नांदूरमध्यमेश्वरला गंगा आणि कादवा एकत्र येतात, आणि तिथंच बंधारा आहे. इंग्रजांनी तो गेल्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. दुष्काळ पडून पडून नगरकडचा मुलूख हवालदिल झाला होता, त्यासाठी डावा आणि उजवा असे दोन कालवे इथून काढले. ते कोपरगाव-राहात्याकडे गेले, तिथे ऊस उभा राहिला. वर इगतपुरीकडे दारणा धरण बांधलं तेही याच कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी. चांगलंच काम ते. कुणाच्या तोंडात घास गेला, त्याचं वाईट मी कधी मानलं नाही.

पण नदी पाण्याबरोबर माती आणते. बंधाऱ्यापाशी पाण्याचा वेग पडला की माती तळाशी बसते. शंभर वर्षं बसत राहिली. पात्र उथळ झालं. आता मोठं पाणी आलं की बंधाऱ्याशी गर्दी होते. त्याच वेळी कादवा भरून आली असेल, तर ती गंगेला पुढे सरकू देत नाही. पाणी मागं फुगतं. फुगवटा म्हणतात त्याला. तो फुगवटा शिंगवे, करंजगाव, सायखेडा, चांदोरी असा गावागावांत चढत येतो.

वाहतं पाणी आवाज करतं. फुगवट्याच्या पाण्याला आवाज नसतो. आमच्या गल्लीत ते नेहमी उताराच्या बाजूनं, गटारीच्या तोंडातून येतं. आधी गटारीतून बुडबुडे, मग झुरळं भिंतीवर चढतात, मग गटारीचं पाणी उलटं चालायला लागतं. झुरळं भिंतीवर दिसली की आत्याबाई चूल विझवायच्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या नदीकडे जाऊन बघायच्या नाहीत. म्हणायच्या, "गंगेकडे काय बघायचं, मोरीकडे बघ."

बंधाऱ्याचे दरवाजे वाढवा, गाळ काढा, ही मागणी मी नवी नवरी होते तेव्हापासून ऐकते आहे. काही कामं झाली, काही राहिली. मला इंजिनिअरिंग कळत नाही. पण घर सावरताना एक कळतं, की पाण्याला जायला वाट नसेल तर ते बसायला जागा शोधतं.

३. आकडा ऐकला की तो आपल्या पायरीवर बसवून बघायचा

आमच्या गावात चौथीतल्या पोरालाही क्युसेक माहीत असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. दोन हंडे समजा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावातल्या सगळ्या ग्रुपवर आकडा येतो. नाशिकला माझी नणंद राहते. ती आकडा सांगत नाही, ती सांगते, "वहिनी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं." रामकुंडाजवळचा हा मारुती म्हणजे नाशिककरांची पट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा. तो कमरेपर्यंत बुडाला की मी धान्याची कोठी रिकामी करायला घेते. आणि नणंदेला एवढंच विचारते, दारणेचं काय? कारण मारुतीला दारणा दिसत नाही. ती नाशिकच्या खाली येऊन मिळते.

४. आधी दावं सोडायचं

२ ऑगस्ट २०१६. मंगळवार, दिव्याची अवस. सकाळी पितळी समया, निरांजनं, लामणदिवा, सगळं चिंचेनं घासून पाटावर मांडलेलं होतं. कणकेचे दिवे वाफवायला ठेवणार, तेवढ्यात मोरीतून पाणी.

माणूस अशा वेळी हाताला लागेल ते उचलतो. मी समया उचलल्या. आमचे हे टीव्ही उचलायला धावले. मुलगा गादी. आणि गोठ्यात दोन गाई, एक कालवड खुंट्याला बांधलेल्या. आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्या खाटेवरून ओरडल्या, "दावी सोडली का?"

मी गोठ्यात गेले तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. ओलं दावं सुटत नाही. काथ्या फुगतो, गाठ दगडासारखी होते, आणि घाबरलेलं जनावर मान ओढत असतं म्हणून ती आणखी आवळते. विळा आणायला परत घरात जावं लागलं. कालवडीचं दावं कापलं तेव्हा पाणी माझ्या कमरेला होतं. तिन्ही जनावरं पोहत, चालत आपली आपण उंचावर गेली. कुणी हाकलायची गरज पडली नाही. जनावराला वाट ठाऊक असते, त्याला फक्त मोकळं करायचं असतं.

तेव्हापासून आषाढ लागला की गोठ्याच्या आढ्याला एक विळा कायम खोचलेला असतो, आणि पावसाळ्यात दाव्याला सुरगाठच मारायची, असा घरात नियम आहे. मग बाकीचा क्रम: म्हातारी माणसं, औषधं, सातबारा आणि पासबुकांची पिशवी, कांद्याच्या बियाण्याचा डबा. हो, बियाणं. सोनं पुन्हा घेता येतं. घरच्या डेंगळ्यांचं राखलेलं बी एकदा भिजलं की त्या साली उळं टाकायला दुसऱ्याच्या दारी जावं लागतं.

५. गाळ काढायचा तो उतरत्या पाण्याबरोबर

हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून नीट सांगते.

पूर ओसरला की लोक उंचावर थांबून राहतात, पाणी पूर्ण गेलं की घरी येतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्यात मिसळलेला गाळ पाणी उभं राहिलं की खाली बसतो, दोन उन्हं खाल्ली की त्याचा थर होतो, आणि मग तो कुदळीनं खणावा लागतो. फरशीच्या भेगांतून, दाराच्या बिजागऱ्यांतून तो वर्षभर निघत राहतो. म्हणून घरात घोटाभर पाणी उरलं, आणि वर पाणी कमी होतंय याची खात्री झाली, की खराटा घेऊन आत शिरायचं आणि तेच पाणी ढवळत ढवळत बाहेर लोटायचं. पाण्याबरोबर आलेली माती पाण्याबरोबरच घालवायची. भिंतीसुद्धा त्याच पाण्यानं खालून वर शिंपडून धुवायच्या. स्वच्छ पाणी शेवटी, असेल तेवढं. पाय मात्र सरकवत चालायचं, उचलून टाकायचा नाही. गाळाखाली काय आहे दिसत नाही, साप असतात.

मी हे माहेरी शिकले, आणि सासरी आत्याबाई अगदी असंच करायच्या. दोन थडींच्या दोन बाया, एकमेकींना आयुष्यात चार-दोनदा भेटलेल्या, खराटा धरायची रीत एकच.

६. ज्या गाळानं आम्ही बुडतो, त्यावरच पाखरं जगतात

बंधाऱ्यामागे गाळ साठला, त्याची बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, त्यात पाणवनस्पती वाढल्या. मग पक्षी आले. नांदूरमध्यमेश्वरचं अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात त्याला. जानेवारी २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते गेलं; महाराष्ट्रातून पहिलं तेच. चापडगावला मनोरा आहे, तिथून थंडीत पहाटे बघावं. चक्रवाकांच्या जोड्या, चमचे, शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि परदेशातून येणारे क्रौंच.

पुरात दोनदा घर धुतलेल्या बाईनं पक्ष्यांचं कौतुक करावं का? गावात यावरून वाद होतात. गाळ काढा म्हणणारे एका बाजूला, अभयारण्याला हात लावू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मला दोघांचंही खरं वाटतं, आणि म्हणूनच मला वाटतं की या दोघांनी एका सतरंजीवर बसलं पाहिजे. गावाजवळच्या मुख्य धारेतला गाळ आणि बेटांवरचा गाळ एक नव्हे. कुठला हलवायचा, कुठला राखायचा, हे गावातले जुने मच्छीमार बोट ठेवून सांगू शकतात. त्यांना आजवर कुणी बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही.

७. पुलाला अडकतं ते वरच्यांनी सोडलेलं असतं

उन्हाळ्यात पुलावरून खाली बघितलं तर कधीकधी पाणीच दिसत नाही. हिरवीगार पाणवेल, निळी-जांभळी फुलं, लांबून वाटतं शेत आहे. शहराचं सांडपाणी नदीत येतं, त्यावर ही वेल पोसते. पहिल्या पुरात ती सगळी वाहून येते आणि आमच्या पुलाच्या खांबांना अडकते. तिच्यात लाकडं, थर्माकोल, प्लास्टिक, देवाचे फोटो. बघता बघता पुलाचं धरण होतं. मग जेसीबी येतो, पोरं दोर बांधून उतरतात. इथली पोरं पट्टीची पोहणारी; पुरात माणसं काढायला आधी तीच जातात. दर वर्षी त्यांचे जीव त्या वेलीत टांगणीला लागतात. वरच्या गावांनी निर्माल्याची पिशवी पुलावरून टाकताना एवढं मनात आणावं.

८. ट्रॉलीचा वरचा थर आणि तळ एकच ठेवा

सायखेडा म्हटलं की शेतकऱ्याला बाजार आठवतो. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथं आहे. लासलगावचं नाव मोठं, पण पलीकडच्या दहा-पंधरा गावांना ट्रॅक्टर इथवर आणणं सोयीचं पडतं.

२०११ साली यांचा पाय मोडला आणि कांदा घेऊन मी एकटी गेले. ट्रॉल्यांच्या रांगा, त्यांच्यामधून चालत येणारा व्यापाऱ्यांचा घोळका, पुढे पुकारा करणारा. व्यापारी हात खुपसून मूठभर कांदे काढतो, अंगठ्यानं पत्ती दाबून बघतो, दोन कांदे एकमेकांवर वाजवतो. सुकलेला कांदा खडखडीत वाजतो. अर्ध्या मिनिटात सौदा. माझ्या ट्रॉलीला चांगला भाव मिळाला, मी खूश. खळ्यावर खाली करताना तळातून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा निघाला, ओला माल निघाला. भरताना मी उभी राहिले नव्हते. वांधा निघाला. भाव क्विंटलमागे उतरला. पैशांचं दुःख झालं, त्याहून जास्त चार माणसांत मान खाली गेली त्याचं. तेव्हापासून ट्रॉली भरताना मी चाकाशी उभी असते, गोल्टी, चोपडा, खाद वेगळी करून. पुढच्याच वर्षी त्याच खळ्यावरच्या मुनीमानं ट्रॉली पाहून म्हटलं, "मावशींचा माल आहे, उतरवा."

आणि कांदा साठवायची चाळ. ती नेहमी गावातल्या सगळ्यात जुन्या पुराच्या रेघेच्या वर बांधायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीवरच्या दोन चाळी पाण्यात गेल्या. भिजलेल्या कांद्याचा वास महिनाभर गेला नाही. पुढे दोनच महिन्यांत भाव असा चढला की सप्टेंबरअखेर सरकारनं निर्यात बंद केली. ज्यांचा कांदा कोरडा राहिला त्यांना चार पैसे दिसले. आम्ही मात्र उकिरड्यावर ओतला.

९. आपल्या गावाचा इतिहास कधीकधी समोरच्या थडीला असतो

मुलांना शाळेत इतिहास शिकवतात तो पुण्या-साताऱ्याचा. चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. हिंगणे मूळचे क्षेत्रोपाध्ये. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीला गेले तेव्हापासून महादेवभट हिंगणे पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीत राहिले, पुढे मुलांनीही तेच काम केलं. बादशहाच्या दरबारातली खबर पुण्याला कळवणारं घर आमच्या गंगेकाठचं. लहानपणी त्या वाड्याच्या भिंतीला टेकून आम्ही गजगे खेळायचो, आणि आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आणि पात्रातली देवळं. बंधारा झाला, पाणी कायमचं साठलं, आणि चांदोरीपाशी पात्रातली जुनी हेमाडपंती देवळं त्यात गेली. पाणी अगदी आटलं की ती वर येतात. शिंपले चिकटलेले काळे खांब, झिजलेली नक्षी, गाभाऱ्यात गाळ. मी दोनदा आत गेले आहे. एकदा दादाचा हात धरून, एकदा स्वतःच्या मुलाला घेऊन. लोक म्हणतात, देवळं दिसली म्हणजे दुष्काळ. आम्हा बायकांना ती दिसली की वाईट वाटायचं आणि बघायला पळतही जायचो.

१०. रेघ पुसू नका

४ ऑगस्ट २०१९, रविवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी पंचमीला मी माहेरी जाते. पिशवी भरून ठेवली होती. वहिनीसाठी बांगड्या, दादासाठी चिवडा. दुपारपर्यंत पूल बंद झाला. माळावरून समोर चांदोरी दिसत होती, खंडेरावाचं देऊळ पाण्यात होतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "आम्ही वर आलोय. तू?" मी म्हटलं, "आम्हीपण वर." पुढं दोघांनाही बोलता येईना. तीन-चार किलोमीटरचं माहेर. त्या पंचमीला मी दुसऱ्या वस्तीवरच्या अनोळखी बाईच्या घरी पुरणाचं दिंड खाल्लं. तिनं माझ्या हातावर मेंदीही लावली.

पूल मोकळा झाल्यावर गेले तेव्हा दादा भिंत धूत होता. मी त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि म्हटलं, थांब, एवढी एक वीत राहू दे. गाळाच्या पाण्याची पिवळट रेघ होती ती, खिडकीच्या चौकटीच्या जरा खाली. त्यानं खिळ्यानं ती कोरली आणि बाजूला तारीख घातली.

आमच्या सायखेड्याच्या घरी आता तीन खुणा आहेत. २००८ ची ओट्याच्या वरच्या पायरीला, २०१६ ची उंबऱ्याच्या वर, २०१९ ची देवाच्या कोनाड्याखाली. १९६९ ची खूण मामांनी मागच्या दगडी भिंतीत छिन्नीनं केलेली होती; ती भिंत पाडून आम्ही विटांची बांधली, आणि ती खूण गेली. तेव्हा मी घरातच होते. अडवायला हवं होतं.

गल्लीतल्या बायकांना मी म्हणते, रंग देताना रेघेपुरती जागा सोडा. काही जणी म्हणतात, घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक रेघ बघून परत जाईल. त्यांचं चुकीचं नाही. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं मागच्या दिवाळीत दुकान रंगवलं, तेव्हा शटरच्या शेजारी हातभर पट्टी तशीच ठेवली, आणि खालची फळी रेघेच्या वर घेतली. साखरेची पोती आता त्या फळीवर असतात.